३०० कमी पडतेय, पण नेमकी कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निकॉन डी७५०० आणि ७०-३०० मिलीमीटरची लेन्स घेऊन दोन वर्षं पुण्याच्या आसपास पक्षी टिपताय. महिन्यातून दोनदा सिंहगडाचं खोरं, हिवाळ्यात भिगवण, वर्षातून एकदा ताडोबा. पक्षी फोटोत फार लहान येतात. सव्वा लाखापर्यंत खर्चाची तयारी आहे. निकॉनची २००-५०० घ्यावी, सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६०० घ्यावी, की सगळं विकून मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे वळावं? आणि शेवटी तुम्ही विचारलंय, 'यातली सगळ्यात लांबचं खेचणारी कोणती?'

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येईल, ६००. पण त्या उत्तरावर लाखभर रुपये घालू नका. गेली सतरा वर्षं मी पक्ष्यांचे फोटो काढतोय आणि बरोबर येणाऱ्या नव्या मंडळींना खरेदीआधी एक काम आवर्जून करायला लावतो. तेच तुम्हालाही सांगतो. गेल्या सहा महिन्यांतले फसलेले शंभर फोटो काढा, डिलीट केले नसतील ते. प्रत्येक फोटो मोठा करून बघा आणि तो का फसला ते एका शब्दात लिहा. पक्षी स्वच्छ आहे पण टीचभर, तर 'लहान'. पक्षी, फांदी, पानं सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं, तर 'हात हलला'. फांदी स्वच्छ पण पंख पुसट, तर 'पक्षी हलला'. मागचं पान धारदार आणि डोळा मऊ, तर 'फोकस चुकला'. बाकीचे 'अंधार' आणि 'हवा', त्यांच्याबद्दल पुढे बोलतो.

मोठी लेन्स यातल्या फक्त 'लहान'वर औषध आहे. बाकीचे आजार ती वाढवते. ३०० वर हाताची जी थरथर खपून जाते ती ५०० वर दिसते. अंतर तेच ठेवून लेन्स लांब केली की फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढ्या जाडीत सगळं स्वच्छ दिसतं ती, आणखी पातळ होते. ५०० वर, एफ ५.६ ला (हे लेन्सच्या छिद्राचं, म्हणजे ॲपर्चरचं माप; आकडा लहान तितका उजेड जास्त), १० मीटरवरच्या पक्ष्यासाठी तुमच्या कॅमेऱ्यावर ती जेमतेम ९ सेंटीमीटर भरते. डोळ्यावर फोकस बसला तर शेपटी मऊ, आणि पंखावर बसला तर डोळा गेला. त्यामुळे शंभरांतले साठ-सत्तर 'लहान' निघाले तर लेन्स जरूर घ्या. वीसच निघाले आणि बाकी 'हात हलला' किंवा 'पक्षी हलला' असतील, तर तूर्त एक मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) घ्या, शटर १/१००० सेकंदाच्या खाली उतरू देऊ नका आणि एक हिवाळा आहे त्याच लेन्सवर काढा. तुमचे कोणते निघतील हे मला इथून सांगता येणार नाही, आणि माझ्या पुढच्या सगळ्या सल्ल्याची मदार त्यावरच आहे.

समजा बहुतेक 'लहान'च निघाले. मग थोडं गणित करू. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर साडेतेवीस मिलीमीटर रुंद आहे. २० मीटरवर ३०० च्या लेन्समधून साधारण १५७ सेंटीमीटर रुंदीचं दृश्य फ्रेममध्ये येतं, ५०० मधून ९४ आणि ६०० मधून ७८. छोटा खंड्या, ज्याला आपण बंड्या म्हणतो, चोचीपासून शेपटीपर्यंत १७ सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे २० मीटरवरचा बंड्या ३०० वर सुमारे ६०० पिक्सेल लांब येईल, ५०० वर हजार आणि ६०० वर बाराशे. ३०० वरून ५०० वर गेल्याचा फरक डोळ्यांत भरतो. ५०० आणि ६०० मधला फरक मात्र तुम्ही २० मीटरवरून १७ मीटरवर सरकलात की मिटतो. तीन मीटर! सावकाश, बसत-थांबत, पक्ष्याच्या रोखाने सरळ न चालता तिरकं जाऊन हे अंतर पुष्कळदा कमी करता येतं. झाडाआड किंवा गाडीत बसून राहिलं तर अनेकदा पक्षीच ते कमी करतो.

म्हणून २००-५०० आणि १५०-६०० यांच्यात निवडताना त्या शंभर मिलीमीटरला मी फार किंमत देत नाही. तीच गोष्ट एफ ५.६ विरुद्ध एफ ६.३ ची. हा फरक एक तृतीयांश स्टॉपचा आहे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड), म्हणजे एकीवर आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, १६०० लागेल तिथे दुसरीवर २०००. फोटोत तो शोधूनही सापडत नाही. निवड ठरते ती तुम्ही कुठे आणि कसे उभे असता यावर, आणि तुमच्या तिन्ही जागा एकमेकींपेक्षा फार वेगळ्या आहेत.

सिंहगडाचं खोरं घ्या. तिथे अंतर कमी आणि झाडी दाट. सकाळी साडेसातलासुद्धा झाडाखाली इतका अंधार असतो की १/२५० ला आयएसओ ३२०० लागतं. स्वर्गीय नर्तक फांदीवर तीन सेकंद टेकतो आणि उडतो. पाणवठ्याजवळ दबून बसलात तर पक्षी पाच-सहा मीटरवर येतात, कधी त्याहून जवळ. इथे लेन्स किती जवळ फोकस करते हे बघावं लागतं: निकॉन २००-५०० आणि टॅमरॉनची दुसरी आवृत्ती २.२ मीटरपर्यंत, सिग्मा कंटेम्पररी (सिग्माच्या १५०-६०० चा हलका प्रकार) २.८ मीटरपर्यंत. दुसरी गोष्ट वजनाची. २००-५०० ट्रायपॉडला जोडायच्या कॉलरसकट २३०० ग्रॅम आहे, सिग्मा कंटेम्पररी १९३० च्या आसपास, टॅमरॉन दोन किलो. वर कॅमेऱ्याचे सातशे ग्रॅम. दुकानात दोन मिनिटं हातात धरून या तीन-साडेतीनशे ग्रॅमचा फरक कळत नाही. तीन तास पायवाटेवर फिरल्यावर, अचानक वर शेंड्यावर धनेश दिसतो आणि लेन्स उचलून अर्धा मिनिट धरून ठेवायची असते, तेव्हा कळतो. सहा वर्षं मी २००-५०० हातात घेऊन फिरलो. फोटोंबद्दल कधीच तक्रार नव्हती. शेवटची दोन वर्षं मनगट मात्र रोज बोलायचं. नंतर मी निकॉनची ५०० एफ ५.६ पीएफ ही झूम नसलेली हलकी लेन्स घेतली, ती १४६० ग्रॅमची. झूम गेला पण फिरणं परत आलं. तुमच्या बजेटात ती बसणार नाही, तरी नाव लक्षात ठेवा. मिररलेसकडे गेलेले लोक ती विकतात.

भिगवणला सगळंच उलट. उजनीचं पाणी, उघडं आभाळ, उजेड भरपूर, अंतर मोठं. रोहित पक्ष्यांचा थवा शंभर मीटरवर आणि मध्ये नुसतं पाणी. इथे प्रत्येकाला ६०० हवीशी वाटते, ८०० सुद्धा. पण इथेच तुमच्या यादीतला 'हवा' हा शब्द सगळ्यात जास्त वेळा येईल. ऊन चढलं की पाण्यावरची हवा लहरायला लागते, उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दिसतं तसं. त्या लहरींतून काढलेला फोटो कितीही महागड्या लेन्सने काढा, मऊच येतो. पिसांच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात. लेन्स लांब केली की त्या लहरीही तेवढ्याच मोठ्या होतात. दर हिवाळ्यात कोणीतरी मला अकरा वाजताचे भिगवणचे फोटो दाखवून 'लेन्स खराब निघाली का?' विचारतं. लेन्स ठणठणीत असते. भिगवणजवळच्या कुंभारगावला मुक्काम करा, उजाडताना होडीत बसा आणि साडेनऊपर्यंत आटपा. होडीत शक्य तितकं खाली बसा. लेन्स पाण्याच्या पातळीजवळ आली की मागचा किनारा दूर जाऊन पुसट होतो आणि पक्षी सुटा दिसतो. आणि नावाड्याला थव्यात होडी घालायला सांगू नका. पक्ष्यांनी खाणं थांबवून माना वर केल्या की तुम्ही आधीच जास्त जवळ आला आहात. उडणाऱ्या थव्याच्या फोटोसाठी शेकडो पक्ष्यांना खाण्यावरून उठवणं मला अजिबात मान्य नाही. मोठी लेन्स आपण घेतो ती त्यांना त्रास न देता दूर राहता यावं म्हणूनच.

भिगवणला होडी हलत असते, त्यामुळे ट्रायपॉड निरुपयोगी. हात गुडघ्यावर टेका आणि लेन्सचं स्टॅबिलायझेशन चालू ठेवा. २००-५०० वर स्पोर्ट नावाचा वेगळा मोड आहे. नदीसुरय उडत असताना कॅमेरा त्याच्यामागे फिरवायचा तर तो वापरा. पण स्टॅबिलायझेशन हाताची थरथर थांबवतं, पक्ष्याचा पंख थांबवत नाही. त्याला १/२००० च्या पुढेच जावं लागतं.

आता ताडोबा. मोठी लेन्स घेणाऱ्यांची सगळ्यात जास्त निराशा मी इथे पाहिली आहे. वाघ पुष्कळदा रस्त्यावरच, जिप्सीपासून १०-१५ मीटरवर चालत असतो. १२ मीटरवर ५०० मध्ये ५६ सेंटीमीटर रुंदीचं दृश्य मावतं. वाघाचं तोंड आणि अर्धी मान, संपलं. २०० वर आणलंत तरी १४१ सेंटीमीटर, पूर्ण वाघ आडवा मावत नाही. म्हणजे २००-५०० च्या सगळ्यात आखूड टोकालाही तो फ्रेमबाहेर जातो. तुमची ७०-३०० तिथे अगदी चपखल आहे. मोठी लेन्स आली म्हणून ती विकू नका, एवढी एक गोष्ट माझ्यावर विश्वास ठेवून करा. १५०-६०० चा खरा फायदा मला ६०० पेक्षा या १५० च्या टोकाला दिसतो.

जिप्सीत लेन्स बदलायचा विचारही करू नका. एप्रिल-मे महिन्यात पुढच्या गाडीने उडवलेली धूळ सेन्सरवर बसली की उरलेल्या सगळ्या सफाऱ्यांमध्ये प्रत्येक फोटोत काळे ठिपके. गेटवर असतानाच ठरवा: आजचा मार्ग तळ्याच्या काठाने असेल तर मोठी, दाट जंगलातून असेल तर लहान. दोन-तीन दिवस जात असाल तर दुसरी बॉडी भाड्याने आणा आणि दोन्ही लेन्स जोडलेल्या ठेवा. ट्रायपॉडला जिप्सीत जागा नसते. कापडी बीन बॅग न्या, रिकामी, आणि तिथे पोचल्यावर तांदूळ किंवा राजमा भरा. गाडीच्या दांड्यावर ती ठेवून त्यावर लेन्स टेकवा, आणि चालकाला इंजिन बंद करायला विनंती करा. चालू इंजिनची थरथर मोठ्या लेन्समध्ये स्पष्ट दिसते.

इतकं सगळं धरून, तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? डी७५०० ठेवली असती आणि २००-५०० घेतली असती, नवी किंवा नीट तपासून वापरलेली. २०१५ ची लेन्स आहे, पण ५०० ला पूर्ण उघड्या ॲपर्चरवरही पिसं छान दाखवते आणि तुमच्या कॅमेऱ्याशी तिचा संसार सुखाचा आहे. उद्या निकॉनच्या झेड, म्हणजे मिररलेस बॉडीवर गेलात तर एफटीझेड ॲडॉप्टरने ती तिथेही ऑटोफोकस करते, त्यामुळे पैसे वाया जात नाहीत. मात्र पाठीचं किंवा मनगटाचं जुनं दुखणं असेल किंवा वर्षात तीन-चार वेळा ताडोबाला जायला लागलात, तर माझं मत बदलेल. मग सिग्मा कंटेम्पररी घ्या. सिग्मा-टॅमरॉन घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात फोकस पुढे-मागे पडतोय का ते तपासा. डी७५०० मध्ये ऑटोफोकस फाइन ट्यूनची, म्हणजे त्या लेन्ससाठी फोकस थोडा पुढे-मागे सरकवायची सोय आहे. पन्नास फोटो डोळ्याऐवजी मानेवर फोकस झालेले पाहून लेन्स वाईट ठरवण्याआधी अर्धा तास तिथे घाला.

टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवून लेन्सची लांबी वाढवणारी काच) घेऊन पैसे वाचवायचा मोह होईल. १.४ चा कन्व्हर्टर एक स्टॉप उजेड खातो. एफ ५.६ ची एफ ८ होते आणि तुमच्या कॅमेऱ्यात एफ ८ ला फक्त मधला एकच फोकस पॉइंट चालतो. एफ ६.३ च्या लेन्सवर तर एफ ९ पर्यंत गोष्ट जाते, तिथे डीएसएलआरचा (तुमच्यासारख्या आरशाच्या कॅमेऱ्याचा) फोकस शोधत राहतो आणि पक्षी निघून जातो. घेऊ नका.

मिररलेसबद्दल सरळ सांगतो. पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावर चिकटून राहणारा फोकस ही या क्षेत्रात गेल्या अनेक वर्षांत झालेली सगळ्यात मोठी सुधारणा आहे. मी स्वतः त्यामुळेच बदललो आणि उडत्या पक्ष्यांचे जमलेले फोटो दुपटीहून जास्त वाढले. तुमच्या यादीत 'फोकस चुकला' हाच शब्द सगळ्यात जास्त वेळा आला, तर बॉडी बदलण्यात अर्थ आहे. पण सव्वा लाखात चांगली बॉडी आणि निकॉन झेडची १८०-६०० दोन्ही येत नाहीत. बॉडी आधी घेतलीत तर वर्षभर ३०० वरच राहाल. माझ्या हिशेबात लेन्स आधी आणि बॉडी दोन-तीन वर्षांनी. हा सल्ला तुमच्याकडे आज जे आहे त्यावरून देतोय. कपाट रिकामं असतं तर मी तुम्हाला डीएसएलआर घ्या असं म्हटलं नसतं.

वापरलेली घेणार असाल तर दिवसा भेटा आणि टॉर्च न्या. लेन्सच्या एका टोकातून टॉर्च मारून दुसऱ्या टोकाने तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, तिथून उठून या. माझी पहिली मोठी लेन्स मी घाईत, संध्याकाळी, एका चहाच्या टपरीवर घेतली. ऑगस्टमध्ये आतल्या काचेवर बुरशी पसरलेली दिसली आणि दुरुस्तीत लेन्सच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाइतके पैसे गेले. मूळ बिल मागा, त्यावरचा सिरियल नंबर लेन्सवरच्या नंबराशी ताडून बघा. ५०० वर, पूर्ण उघड्या ॲपर्चरला, वीस-पंचवीस मीटरवरच्या विटांच्या भिंतीचे दहा फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. एकच कोपरा मऊ असेल तर लेन्स कधीतरी पडलेली असू शकते. नवी घेताना बिलाशिवाय स्वस्त मिळणारी घेऊ नका, वॉरंटी नसलेल्या मोठ्या लेन्सची दुरुस्ती फार जड जाते.

घरी आणल्यावर पावसाळ्याची सोय त्याच दिवशी करा. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा मोठा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर एवढं पुण्यात पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या, जेलचा रंग बदलला की ते वाळवून परत ठेवा. कोकणात राहत असतात तर विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्याच असं म्हटलं असतं. पावसात भिजून आल्यावर लेन्स बॅगेत बंद करून झोपू नका, रात्रभर पंख्याखाली उघडी राहू द्या. समोर ९५ मिलीमीटरचा यूव्ही फिल्टर लावायची गरज नाही. हूड लावून ठेवला तर धक्क्यापासूनही बचाव होतो.

इतकं वाचूनही मन ठरत नसेल, आणि ते साहजिक आहे, तर दोन्ही लेन्स वेगवेगळ्या शनिवार-रविवारी भाड्याने आणा. पुण्यात त्या मिळतात. पहिल्या दिवशी कुठे दूर जाऊ नका. उजाडताना पुण्याजवळच्या कवडीपाटला जा आणि नुसत्या घारींवर सराव करा. आकाशात ५०० वर पक्षी सापडतच नाही, हा सगळ्यांचाच पहिला अनुभव. लेन्स आधी आखूड टोकाला आणा, घार फ्रेममध्ये घ्या, फोकस धरा आणि तिच्यामागे फिरता फिरता झूम करा. नजर घारीवरून न हटवता लेन्स डोळ्याला लावायची सवय दोनशे-तीनशे वेळा केल्यावर बसते. मग नदीकाठच्या एखाद्या वंचकाजवळ (छोट्या बगळ्याजवळ) बसा. तो तुम्हाला पंधरा-वीस मिनिटं सहज देईल, तेवढ्यात १/५००, १/२५०, १/१२५ असे खाली खाली येत फोटो काढा आणि तुमचा हात नेमका कुठे सुटतो ते बघा. दुसऱ्या दिवशी तीच लेन्स घेऊन सिंहगडाच्या खोऱ्यात तीन तास चाला. त्या शंभर फोटोंची यादी आणि या दोन दिवसांचे आकडे इथे टाकलेत तर मी पुन्हा सविस्तर बघून सांगेन.